नव्व्याण्णव टक्क्यांवर अडलेलं ताट

बाईंनी उभ्या आयुष्यात कुणाला सरळ "हो" म्हटलं असेल, तर ते लग्नाच्या वेळी. त्यातही त्यांच्या नवऱ्याचं म्हणणं असं, की हो म्हणण्याआधी ती अंमळ थांबली होती. तेवढ्या वेळात तिने मनात एखादा भागाकार उरकला असणार.

एरवी बाईंचं उत्तर ठरलेलं होतं: "बहुतेक." चहा घेणार का? बहुतेक. उद्या येणार का? बहुतेक. तुमचं नाव हेच ना? यावरही त्या क्षणभर विचार करतात, अशी ऑफिसात वदंता होती. हळूहळू त्यांचं खरं नाव पगाराच्या चिठ्ठीपुरतं उरलं आणि त्या सगळ्यांच्या बहुतेकबाई झाल्या. थट्टेत कुणीतरी तशी पाटी करून त्यांच्या टेबलावर ठेवली. बाई ती पाटी रोज सकाळी स्वतःच्या हाताने पुसायच्या. माणसाने आपला दोष असा मिरवायला घेतला, की चिडवणाऱ्यांची फार पंचाईत होते.

असा स्वभाव एखाद्या न्यायाधीशाला किंवा पोहायला शिकवणाऱ्याला परवडला नसता. बाईंचं मात्र पोटच त्यावर चालत होतं. त्या सॉफ्टवेअर लिहायच्या, आणि तेही अंदाज बांधणारं. आजवर काय काय झालं ते यंत्राला दाखवायचं आणि उद्या काय होईल ते त्याच्याकडून वदवून घ्यायचं. असं यंत्र "अमुकच होईल" असं छातीठोकपणे कधी म्हणत नाही. अमुक होण्याची शक्यता इतके टक्के, असं म्हणतं. म्हणजे तेही "बहुतेक"च म्हणतं, फक्त दशांशचिन्हासकट.

घरात मात्र या शास्त्राला काडीची किंमत नव्हती. नवरा वाहन परवान्याची परीक्षा घ्यायच्या नोकरीत होता. गाडी ओळीच्या आत उभी राहिली तर पास, चाक ओळीवर गेलं तर नापास. "थोडंसंच गेलं हो साहेब," म्हणणाऱ्याला तो शांतपणे सांगायचा, "मग थोडंसंच नापास." आणि सासूबाई या तर त्याच मुलाच्या आई.

"सूनबाई, चादरी बाहेर वाळत घालू का गं? पाऊस येईल?"

"तीस टक्के शक्यता आहे आई."

"म्हणजे दहातल्या तीन चादरी आत घालू म्हणतेस?"

"तसं नव्हे हो. असं आभाळ दहा वेळा आलं, तर त्यातल्या तीनदा..."

"मला आज एकदाच घालायच्यात."

यावर बाई निमूटपणे चादरींची बादली उचलायला लागायच्या.

त्यांची कंपनी लहानशी होती. खाली टायरचं दुकान, वर ही. जिना चढताना रबराचा वास येई आणि माणूस ऑफिसात पोचेपर्यंत त्याचे कपडेही नव्या टायरसारखे वास मारू लागत. ही कंपनी इस्पितळांच्या स्वयंपाकघरांसाठी सॉफ्टवेअर करायची. ऐकणारा म्हणतो, त्यात काय मोठंसं? त्याने एकदा मोठ्या इस्पितळाचं तळघर बघून यावं. शेकडो खाटा. कुणाला मीठ नको, कुणाला साखर नको, कुणाला दूध सोसत नाही, कुणाला फक्त पातळ, आणि कुणाचं उद्या ऑपरेशन म्हणून त्याला काहीच द्यायचं नाही. नेमका तोच सगळ्यांत मोठ्याने जेवण मागत असतो. भिंतीलगत एक लांबलचक सरकता पट्टा. त्यावरून ताटं एकामागून एक येतात, कडेला उभी असलेली माणसं आपापला पदार्थ त्यात वाढतात, शेवटी झाकण पडतं आणि ताट ढकलगाडीवर चढून वॉर्डात जातं. कुठल्या खाटेच्या ताटात काय पडायचं, ते प्रत्येकासमोरचा छोटा पडदा सांगतो. आणि त्या पडद्यावर काय उमटायचं, ते बाईंची कंपनी ठरवायची.

कसं ठरवायचं, यावरून मात्र ऑफिसात दोन पंथ होते.

एक पंथ नियमांचा. त्याचे अध्वर्यू जरतरकाका. हे कंपनीतले सगळ्यांत जुने गृहस्थ. "जर असं असेल, तर तसं कर," याच साच्यातली वाक्यं त्यांनी जन्मभर यंत्रासाठी लिहिली, म्हणून हे नाव. त्यांचं मत पक्कं होतं: यंत्राने सांगितलेलं करावं, त्याला मत विचारू नये. "मी कॅल्क्युलेटरला दोन अधिक दोन विचारलं, तर 'चार असावेत बुवा' असं उत्तर मला चालणार नाही," असं ते दर दोन दिवसांनी म्हणत, आणि दर वेळी नव्याने सुचल्यासारखे हसत.

"पण काका," बाई विचारायच्या, "उद्या किती माणसं सूप संपवतील, याला कुठला नियम लावणार?"

काकांनी लावून पाहिला होता. खाटा भरलेल्या असतील तर इतकं. थंडी असेल तर आणखी थोडं. सुट्टीच्या दिवशी भेटायला येणारे घरून डबे आणतात, म्हणून तेव्हा कमी. नियमांवर नियम चढले. होता होता ते एकमेकांच्या उरावर बसायला लागले. एका थंड सुट्टीच्या दिवशी दोन नियमांची अशी जुंपली, की निम्म्या इस्पितळापुरतंच सूप झालं. त्या दिवशी मुख्य आचारी फोनवर काकांशी जे काही बोलले, ते काकांनी पुढे कुणालाच सांगितलं नाही. त्यांचे कान मात्र संध्याकाळपर्यंत लाल होते.

मग बाईंचं मॉडेल, म्हणजे त्यांचं अंदाज बांधणारं यंत्र, आलं. मुख्य आचारी म्हणजे धिप्पाड माणूस, आवाज पातेल्यात बोलल्यासारखा.

"किती करू?" त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं.

"दोनशे दहा ते दोनशे तीस वाट्या. बहुतेक दोनशे अठराच्या आसपास."

"अहो बाई, पातेलं आसपास भरता येत नाही!"

"मग दोनशे वीस करा. चुकलं तर वाटी-दोन वाटी उरेल."

त्यांनी कुरकुरत केलं. दुसऱ्या दिवशी जरा कमी कुरकुरले. पुढे उरलेलं अन्न टाकायची बादली निम्मीही भरेनाशी झाली आणि आचारी बाईंना फोन करून स्वतःहून विचारू लागले, "काय म्हणतंय तुमचं बहुतेक आज?" शत्रूने आपला शब्द वापरावा, याहून मोठा विजय नसतो. बाई त्या दिवसांत टायरच्या दुकानासमोरून अशा चालत, की दुकानदार सवलतीचा विचार करी.

कंपनीचे मालक टक्केसाहेब. त्यांच्या दर वाक्यात एखादा टक्का असायचाच. "मी शंभर टक्के जेवलोय," असंसुद्धा ते म्हणत. ते बाईंच्या मॉडेलवर लट्टू झाले. म्हणाले, "बाई, आता हे सगळीकडे लावा. नियमबियम गेले कालबाह्य होऊन."

सगळीकडे म्हणजे कुठे, तर पथ्याच्या रकान्यातही. रुग्ण दाखल झाला, की सिस्टरने त्याला विचारायचं: शेंगदाणे चालतात का, दूध चालतं का, अंडं चालतं का, आणि उत्तर यंत्रात भरायचं. कारण काही माणसांना यातला एखादा पदार्थ चुकून पोटात गेला, तर नुसती खाज सुटून भागत नाही, श्वास कोंडतो. पण सिस्टरांच्या हातात शंभर कामं, त्यामुळे हा रकाना पुष्कळदा कोराच राही. बाईंनी मॉडेलला त्या कोऱ्या रकान्यातलं उत्तर ओळखायला शिकवलं. माणसाचं वय, आजार, आधीच्या वेळी इथे असताना त्याने काय काय खाल्लं, हे सगळं बघून मॉडेल सांगे, याला शेंगदाणे चालतील, आणि तेच पट्ट्यावरच्या पडद्यावर उमटे. भरलेल्या रकान्यांशी ताडून पाहिलं, तर त्याचे अंदाज शेकडा नव्व्याण्णव पूर्णांक चार दशांश वेळा बरोबर.

टक्केसाहेब हे ऐकून खुर्चीतून उठले आणि खोलीत एक गिरकी घेतली. पाहणाऱ्यांनी तिला नाच म्हटलं. लगेच दोन गोष्टी ठरल्या. एक, कंपनीत अंदाजांचा स्वतंत्र विभाग निघणार आणि बाई त्याच्या प्रमुख होणार. दुसरी, इस्पितळाच्या अधीक्षकबाईंपुढे हे सगळं मांडायचं. त्यांच्या अखत्यारीत आणखी बरीच इस्पितळं होती. त्यांनी मान हलवली, की ती सगळी कंपनीच्या पदरात. बाईंना वयाच्या पंचेचाळिशीत पहिल्यांदाच दार असलेली खोली मिळणार होती. खोलीला पडदे कुठल्या रंगाचे असावेत, यावर नवरा-बायकोचा एक छोटा वादही होऊन गेला.

मांडणीच्या आदल्या दिवशी बाई स्वयंपाकघरात गेल्या, त्या निव्वळ फोटो काढायला. पट्टा, पडदे, वाफा, मागे हसरे चेहरे, असं काहीतरी हवं होतं. त्या दिवशी शेंगदाणे वाटून घातलेलं दाट सूप होतं. सूपच्या जागी उभ्या असलेल्या मावशींच्या समोर बाईंनी मोबाइल धरला.

"हसा मावशी."

"हसते. पण आधी एक सांगा." मावशींनी डाव भरून घेतला होता आणि तो वाटीवर तसाच धरला होता. "पडद्यावर हे चालेल लिहिलंय, आणि पुढे कंसात नव्व्याण्णव पॉइंट चार. रोज बघते. ते काय असतं हो?"

"म्हणजे या माणसाला शेंगदाणे चालण्याची शक्यता..."

"म्हणजे चालेल ना?"

बाईंनी तोंड उघडलं. तो शब्द जिभेवर तयारच होता. आयुष्यभर ज्याने इमानेइतबारे साथ दिली, तो शब्द अर्धा बाहेर आला आणि तिथेच अडला. डाव वाटीवर लोंबकळत होता. मावशी बाईंच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि पट्टा त्यांच्या उत्तरासाठी थांबला होता.

"थांबा जरा," बाई म्हणाल्या. त्यांनी भिंतीवरचा फोन उचलला आणि वॉर्डात लावला.

"सिस्टर, एकवीस नंबरच्या खाटेला शेंगदाणे चालतात का?"

"तुमच्या पडद्यावर दिसत नाही का?"

"दिसतंय. पण त्यांना कुणी विचारलंय का?"

"आता कशाला विचारायचं?" सिस्टरचा आवाज मोकळा आणि खूश होता. "पूर्वी विचारायचो आम्ही. आता रकाना कोरा सोडला, की तुमचं मशीन आपलं आपण भरतं. फार छान केलंत हो! केवढा वेळ वाचतो. तुम्हीच ना त्या?"

 असं कौतुक बाईंचं आजवर कुणी केलं नव्हतं, आणि कुठलं कौतुक त्यांना असं झोंबलंही नव्हतं.

"विचारा ना एकदा, प्लीज."

फोन टेबलावर तसाच ठेवल्याचा आवाज आला, चपलांचा आवाज लांब गेला, आणि मग वॉर्डाच्या दुसऱ्या टोकावरून एका म्हाताऱ्याचा खणखणीत आवाज फोनमधून तळघरापर्यंत आला: "शेंगदाणे? पोतंभर आणा म्हणावं!"

मॉडेल बरोबर होतं. मावशींनी सूप वाढलं, झाकण पडलं, ताट गेलं. फोटोला मावशी हसल्याही.

पण बाई जिन्याने वर येईपर्यंत पुरत्या हादरल्या होत्या. मॉडेल शिकलं होतं ते माणसांनी भरलेल्या उत्तरांवरून. माणसं आता भरत नव्हती, कारण मॉडेल भरत होतं. मॉडेलने भरलेलं उत्तर, सिस्टरने भरल्यासारखंच, त्याच रकान्यात जमा होत होतं, आणि दुसऱ्या दिवशी मॉडेल त्याच्यावरूनच पुढचं शिकत होतं. स्वतःच पेपर लिहायचा, स्वतःच तपासायचा आणि शेवटी स्वतःचीच पाठ थोपटायची. असल्या परीक्षेत नव्व्याण्णव मिळाले, यात नवल ते काय? त्यांच्या नवऱ्याने असल्या परीक्षकाला भर रस्त्यात उतरवलं असतं.

ऑफिसात परत येऊन बाई थेट जरतरकाकांच्या टेबलाशी गेल्या. ऑफिसातल्या सगळ्या खुर्च्या हळूच त्या दिशेला वळल्या.

"काका, पथ्याचा तुमचा जुना नियम कुठे आहे?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. या क्षणाची वाट त्यांनी फार दिवस पाहिली होती. तो लवकर संपू द्यायची त्यांची इच्छा नव्हती. "का बरं? तो तर कालबाह्य झाला ना?"

"काका, टोमणे उद्या मारा. आज नियम द्या."

"मी तो पुसला नव्हता. झोपवून ठेवला होता." काकांनी पडदा बाईंकडे वळवला. "हा बघ. जर रकान्यात 'नाही चालत' असेल, तर ताट अडव. नसेल, तर जाऊ दे. स्वच्छ. यात शक्यता नाही, टक्का नाही. यंत्र हजार वेळा चालव, हजार वेळा तेच उत्तर."

बाईंनी ते वाचलं. पुन्हा वाचलं.

"आणि रकाना कोरा असेल तर?"

"तर जाऊ दे."

"म्हणजे चालतं असं धरायचं?"

"धरायचं काय त्यात? नाही लिहिलंय का? नाही. मग..." काका बोलता बोलता थांबले.

"काका, हा पण अंदाजच झाला की. माझा निदान टक्के तरी सांगतो. तुमचा नुसता दटावून सांगतो."

 काकांच्या जन्मभराच्या जर-तरमध्ये कुणी असं बोट घातलं नव्हतं. मग ते हळूच म्हणाले, "खुर्ची ओढ गं."

त्या दुपारी दोन्ही पंथांनी एकाच की-बोर्डावर काम केलं. आधी त्यांनी रकान्याला दोनाऐवजी तीन उत्तरं दिली: चालतं, चालत नाही, आणि अजून विचारलेलं नाही. पहिल्याला ताट जाणार. दुसऱ्याला पदार्थ बदलणार. तिसऱ्याला ताट जागचं हलणार नाही. पट्टा थांबणार, वॉर्डात घंटा वाजणार, आणि माणसाने माणसाला विचारून उत्तर भरेपर्यंत वाजत राहणार. त्या रकान्यावरून बाईंचं मॉडेल त्यांनी साफ उतरवलं. सूप किती करायचं, ते मात्र मॉडेलच सांगणार होतं.

"साहेबांना सांगितलंस?" काकांनी विचारलं.

"उद्या सांगेन. सगळ्यांसमोर."

"आधी सांगितलंस तर ते उद्या तुला बोलूच देणार नाहीत."

"म्हणूनच."

संध्याकाळी जेवताना सासूबाईंनी विचारलंच, "तोंड का उतरलंय? पडद्यांचा रंग मिळाला नाही का?"

बाईंनी सगळं सांगितलं. नवऱ्याचा घास हातातच राहिला.

"मग तो प्रमुखपणा?"

"जाईल."

"बहुतेक?"

"नक्की," बाई म्हणाल्या.

 या घरात, या सुनेच्या तोंडून, हा शब्द कुणी ऐकलेला नव्हता. सासूबाईंनी आधी मुलाकडे पाहिलं, मग सुनेकडे, आणि तिच्या ताटात आणखी थोडी भाजी वाढली. नवरा म्हणाला, "चाक ओळीवर गेलंय, हे दिसल्यावरही गाडी तशीच दामटणारे मी रोज बघतो. परत मागे घेणारी माणसं फार कमी." हे त्याचं कौतुक होतं. त्याच्याकडे याहून गोड काही साठ्यात नव्हतं, हे बाईंना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी अधीक्षकबाईंच्या खोलीत लांब टेबलाभोवती सगळे जमले. अधीक्षकबाई ताठ, पांढऱ्या केसांच्या, आणि समोरच्याचं वाक्य त्याच्याआधी संपवायची सवय असलेल्या. टक्केसाहेबांनी नवा कोट घातला होता. सूपचा भाग छान पार पडला. बादलीचा फोटो बघून अधीक्षकबाई चक्क हसल्या. मग पथ्याचा रकाना आला. टक्केसाहेबांनी हात पसरून आकडा उच्चारला, आणि बाईंना पुढे केलं.

"हा भाग मी काल काढून टाकला," बाई म्हणाल्या.

टक्केसाहेबांचे हात तसेच पसरलेले राहिले.

"चुकीचा होता?" अधीक्षकबाईंनी विचारलं.

"बरोबर होता. मी पाहिलं तेव्हाही बरोबरच निघाला."

"बाई गमतीदार आहेत आमच्या," टक्केसाहेब घाईघाईने म्हणाले.

"मग का काढलात? तुमच्याच मॉडेलवर तुमचा भरवसा नाही?"

"आहे. म्हणून तर सूप त्याच्यावर सोपवलंय. तिथे चुकलं तर दोन वाट्या उरतात, आचारी मला चार शब्द सुनावतात, दुसऱ्या दिवशी आम्ही दुरुस्त करतो. इथे चुकलं तर दुरुस्त करायला तो माणूस असेलच असं नाही. हजार ताटांतली सहा चुकतील, एवढं मला सांगता येतं. ती सहा कुणाची, ते सांगता येत नाही. आणि त्या माणसाला स्वतःला ते माहीत असतं! खाटेवर बसून तो ताटाची वाट बघत असतो. जी गोष्ट नुसतं विचारून कळते, तिचा अंदाज मी का बांधला, हेच मला काल कळेना."

"आमच्या सिस्टर विचारतातच."

"आता नाही विचारत. मी विचारायची गरजच संपवली. आणि तो नव्व्याण्णवचा आकडाही आता माझा राहिलेला नाही, यंत्राने स्वतःला दिलेला आहे."

अधीक्षकबाईंनी पेन खाली ठेवलं. "तुमच्या नव्या पद्धतीत विचारलेलं नसलं, की ताट अडणार."

"हो."

"जेवायला उशीर होईल."

"होईल. पहिल्या दिवशी तर चांगलाच होईल. सगळे माझ्या नावाने शंख करतील."

"मग मी माझ्या बाकीच्या इस्पितळांत हे कशाला घेऊ?"

"आत्ता घेऊच नका," बाई म्हणाल्या, आणि शेजारी टक्केसाहेबांनी पाण्याचा पेला उचलून एका दमात रिकामा केला. "आधी इथे चालवून बघा. सिस्टरांच्या शिव्या ऐका. मग ठरवा."

अधीक्षकबाईंनी खाली ठेवलेलं पेन पुन्हा उचललं. शेवटी एवढंच म्हणाल्या, "सोमवारपासून सुरू करा. बाकीचं नंतर बघू."

बाहेर आल्यावर टक्केसाहेब जिन्यात थांबले. "बाई, तुम्ही मला आज शंभर टक्के बुडवलंत," ते म्हणाले. मग दोन पायऱ्या उतरून पुन्हा थांबले. "विभागाचं तूर्तास राहू द्या. खोलीत फायली ठेवू." आणखी दोन पायऱ्या. "त्या सहांत माझी आई असती तर, असं आत बसून माझ्या मनात येत होतं. कुणाला सांगू नका." आणि ते कोट काढून भराभर खाली गेले.

सोमवारी पट्टा सुरू झाला आणि लगेच थांबला. घंटा वाजली. सुरू झाला, थांबला. ताटं एकामागे एक अशी अडली, की ट्रॅफिकने लाजावं. वॉर्डावॉर्डातून फोन खणखणू लागले. "कुणी केलंय हे?" या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांना माहीत होतं, तरी प्रत्येक जण तो पुन्हा विचारत होता. सिस्टर खाटेखाटेवर धावत होत्या, रुग्ण उत्तरं देण्याऐवजी आपली सगळी दुखणी पहिल्यापासून सांगत होते, आणि एकवीस नंबरचे आजोबा "मी मागेच सांगितलंय, पोतंभर!" असं ओरडत होते. मावशी डाव हातात घेऊन पुतळ्यासारख्या उभ्या होत्या. मुख्य आचाऱ्यांचा आवाज पातेल्यातून निघून छतापर्यंत गेला.

आणि या सगळ्या कल्लोळात, भिंतीला टेकून, जरतरकाका आणि बहुतेकबाई शेजारी शेजारी उभे होते. काका खाली मान घालून. बाई मात्र ताठ. त्यांच्या कानावर पडणारा प्रत्येक शब्द त्यांच्याविरुद्ध होता, आणि त्यांना तो एखाद्या वाजंत्रीसारखा वाटत होता. थांबलेलं प्रत्येक ताट म्हणजे त्यांच्या यंत्राने दिलेली कबुली होती, की मला माहीत नाही. एवढं हुशार यंत्र त्यांनी आजवर बनवलं नव्हतं.

शेवटची ढकलगाडी वर गेली, तेव्हा जेवणाची वेळ केव्हाच टळून गेली होती. आचारी कपाळ पुसत बाईंपुढे येऊन उभे राहिले.

"झालं समाधान? एवढा घोळ घालून कुणाच्या पथ्यात काही निघालं का? एक तरी?"

बाईंनी पडदा पाहिला. काकांनीही वाकून पाहिला. "नाही," बाई म्हणाल्या. "मॉडेलने जे जे चालेल म्हटलं असतं, ते सगळ्यांना चालतंय."

"म्हणजे तुमचं मशीन बरोबरच होतं!"

"होतं."

"मग कशासाठी हा तमाशा?"

"काल आपल्याला वाटत होतं, दादा. आज माहीत आहे."

आचाऱ्यांनी एकदा रिकाम्या पट्ट्याकडे पाहिलं, एकदा बाईंकडे.   मग वळून उरलेल्या सूपच्या पातेल्याकडे गेले. एक वाटी घेतली, ताटात ठेवली, शेजारी ब्रेड ठेवला, आणि डाव भरून तो वाटीवर धरला.

"सकाळपासून उभ्या आहात, जेवून घ्या. शेंगदाणे चालतात?"

"अहो, वाढा हो. मला काय होतंय!"

"तसं नाही." आचाऱ्यांनी डाव मागे घेतला. "नीट सांगा. त्याशिवाय वाढणार नाही."

"चालतात," बाई म्हणाल्या.

"दूध?"

"चालतं."

"अंडं?"

"आवडत नाही."

"आवडीनिवडी नंतर. चालतं का?"

मागे मावशी हसायला लागल्या, काकांनी रुमालात तोंड लपवलं. दार असलेली खोली गेली होती आणि पोटात कावळे ओरडत होते. तरी बाई शाळेतल्या पहिल्या नंबरच्या मुलीसारख्या सरळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चालतं."

मग आचाऱ्यांनी वाटी काठोकाठ भरली.